अँबेसिडर-पद्मिनीच्या सीट काढताना: बोल्ट गेला तरी चालेल, फ्लोअरमधला नट वाचवा

जुन्या गाडीची सीट चार बोल्टांवर बसलेली असते. गाडी नवी असती तर काम पंधरा मिनिटांचं होतं. पण तीस-चाळीस पावसाळे पाहिलेल्या अँबेसिडरमध्ये किंवा पद्मिनीत ते बोल्ट फ्लोअरच्या पत्र्याखाली वेल्ड केलेल्या नटात गंजून एकजीव झालेले असतात. बोल्ट दहा-वीस रुपयांत नवा मिळतो. नट तुटला, फिरला किंवा त्याचे आटे गेले की पत्रा कापावा लागतो, नवा नट वेल्ड करावा लागतो आणि पुन्हा रंग करावा लागतो. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते; त्यामुळे सीटखालचा आडवा पत्रा नुसता सीट बसवायला दिलेला आधार नाही, तो गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे. पुढची प्रत्येक पायरी तो नट आणि तो पत्रा शाबूत राहावा या हिशेबाने सांगितली आहे.

कधी करावं

नागपुरात या कामाला फेब्रुवारीचा शेवट ते मेचा शेवट हा काळ चांगला. उकाडा नकोसा असतो, पण त्याचे दोन फायदे आहेत. जुनं रेक्झिन गरम असताना मऊ पडतं, मुडपलं तरी लगेच चिरत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १० अंशांजवळ उतरतो तेव्हा तेच रेक्झिन शिवणीजवळ तडकतं आणि नमुन्यासाठी जपून ठेवायचं कव्हर हातात तुकड्यांनी येतं. दुसरा फायदा असा की फ्लोअरवरचं ओलं नमदं, तागाचं गोणपाट, सांध्यांत मुरलेलं पाणी चार-पाच दिवसांत खडखडीत वाळतं. जूनच्या मध्यानंतर मात्र घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पावसाळ्याच्या तोंडावर सीट काढायचीच असेल, तर फ्लोअरला प्रायमर लागेपर्यंतचं सामान आधी आणून ठेवा.

मे महिन्यात गाडी उन्हात उभी करून काम करू नका. पारा ४५ च्या वर असताना बंद गाडीतला पत्रा हाताला चटका देतो, आणि गंज सोडवणारं तेल आट्यांत झिरपायच्या आत उडून जातं. सावलीत, सकाळी ७ ते ११ पुरेसं आहे.

हत्यारं आणि माप

इथेच बहुतेक बोल्टांची वाट लागते. अँबेसिडरचं मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे जुन्या गाडीच्या बॉडीत इंची मापाचे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्याचे बोल्ट असतात. पद्मिनी मूळची इटालियन फियाट ११००, तिचे बोल्ट मिलिमीटरचे. ५/१६ इंची बोल्टच्या डोक्याला १/२ इंची पाना लागतो, म्हणजे १२.७ मिमी. गॅरेजमध्ये हाताशी असतो १३ चा. ०.३ मिमीची ढील नव्या बोल्टला चालून जाते. गंजलेल्या बोल्टचं डोकं मात्र त्याच ढिलीने गोल होतं. १/४ इंची बोल्टला ७/१६ चा पाना लागतो, म्हणजे ११.१ मिमी. त्यावर ११ चा बसेलच असं नाही आणि १२ चा घसरतो. अँबेसिडर उघडायची असेल तर इंची गोटी पान्यांचा संच उसना आणा, पण आणाच. पद्मिनीत एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला १० चा आणि एम८ (८ मिमी) ला १३ चा पाना.

गोटी पाना सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा गंजलेल्या डोक्यावर लवकर सरकतो. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, पहिल्या जोराला मुळीच वापरू नका. याशिवाय लागणारं सामान असं: रॅचेट, ५ इंची एक्स्टेन्शन, तारेचा ब्रश, रुंद पात्याचा पेचकस, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ग्रिप प्लायर, एन-९५ मास्क, चष्मा, जाड हातमोजे, मास्किंग टेप आणि झिप लागणाऱ्या पिशव्या. उंबरठ्यांवर आणि दाराच्या खांबांवर टाकायला दोन-तीन जाड पोती. कळमन्याच्या धान्यबाजारात त्यांची वाण नाही.

मधल्या काळात कुणी बोल्ट बदललेले असतील तर वरचा हिशेब लागू पडत नाही. एकाच सीटला तीन मूळचे यूएनएफ आणि एक ठोकून बसवलेला एम८ असं सर्रास सापडतं. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे डोळ्यांना तो एम८ सारखाच दिसतो. पण यूएनएफला इंचाला २४ आटे आहेत आणि एम८ चा आटा १.२५ मिमीचा, म्हणजे इंचाला सुमारे २०. एम८ त्या नटात दोन फेरे जातो, मग अडतो, मग जोराने जातो आणि नटाचे आटे खातो. असा बोल्ट सापडला तर त्याची पिशवी वेगळी ठेवा आणि त्यावर जागा लिहा. तो नट नंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून तपासायचा आहे.

बोल्टला हात लावण्याआधी

बॅटरीची अर्थची तार सोडा. खूप जुन्या अँबेसिडरमध्ये पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, असू शकतो, म्हणून तारेचा रंग न पाहता बॉडीला जाणारी तार शोधून तीच आधी काढा. फोक्सवॅगन बीटल असेल तर बॅटरी मागच्या सीटखालीच असते आणि सीटच्या स्प्रिंगा तिच्या टर्मिनलला टेकल्या तर आग लागते. तिथे सीट उचलायच्या आधी नुसत्या अंदाजावर काही करू नका. विलीस जातीच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी काढून बाहेर ठेवेपर्यंत तिथे आच आणि ग्राइंडर दोन्ही बंद.

फोटो काढा, पण फोटोवर भागत नाही, कारण फोटोत उंची कळत नाही. टेपने चार मापं घेऊन वहीत लिहा: सीटच्या पुढच्या कडेपासून डॅशबोर्डपर्यंत, सीटच्या बसायच्या जागेपासून छतापर्यंत, पाठीच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत आणि स्टिअरिंगच्या खालच्या कडेपासून सीटपर्यंत. सीट मागे-पुढे कितव्या खाचेत आहे तेही लिहा. सीटवाला नवा फोम टाकून सीट दीड इंच उंच करून देतो तेव्हा याच आकड्यांवर त्याच्याशी बोलता येतं.

दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बोल्टला गंज सोडवणारं तेल द्या. डब्ल्यूडी-४० चालतं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेलं मिश्रण जुन्या गंजाला जास्त चांगलं लागतं, मात्र ते झटकन पेटतं आणि ठेवलं की वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं. तेल वरून टाकून अर्धंच काम होतं. गंज नटाच्या खालच्या तोंडातून आत शिरलेला असतो, तेव्हा गाडी स्टँडवर घेऊन खालूनही तेल द्या, आधी तारेच्या ब्रशने चिखल काढून. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते आणि तेलाला आत जाऊ देत नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका, दोन लोखंडी स्टँड हवेतच. ब्रेक ऑइल टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ते गंजापेक्षा रंग जास्त खातं, टाळा.

आधी मागची सीट

मागची सीट आधी काढली की पुढच्या सीटच्या मागच्या बोल्टांशी बसायला जागा होते. मागची बसायची गादी बहुधा बोल्टवर नसते, खोबणीत बसवलेली असते. दोन्ही हात तिच्या पुढच्या कडेखाली घाला, एक हात डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि सरळ वर उचला. कड मोकळी झाली की पुढे ओढा. अडली तर मधोमध जोर लावू नका, फ्रेमची पुढची पट्टी वाकते. एकेक कोपरा हलवत सोडवा.

हात घालण्याआधी टॉर्च मारा आणि काठीने आपटा. शेडमध्ये किंवा शेतावर उभ्या राहिलेल्या गाडीत मागच्या सीटखाली विंचू आणि उंदरांची घरटी सापडणं नेहमीचं आहे. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, म्हणून घरटं कोरडं झाडू नका. जंतुनाशक पाणी शिंपडून ओलं करा, मास्क-हातमोजे घालून उचला. खाली पडलेले कागद, जुनी बिलं, शिवणीतून निसटलेली लेबलं टाकून देऊ नका. गाडीचा मूळ रंग, रेक्झिनची मूळ छटा आणि दुरुस्तीचं वर्ष त्यातूनच कळतं.

पाठ खालच्या कडेला स्क्रूंनी किंवा वाकवलेल्या पत्र्याच्या जिभांनी धरलेली असते आणि वर आकड्यांवर टांगलेली असते. खालचं सुटलं की पाठ वर उचलून आकड्यांतून काढायची, पुढे ओढायची नाही. पुढे ओढली तर आकडे वाकतात आणि परत बसवताना पाठ खडखडते. पत्र्याची जीभ पक्कडीने एकदाच, जेमतेम मोकळी होईल इतकीच वाकवा. जुना पत्रा दोन-तीनदा मागे-पुढे झाला की तुटतो. स्क्रूचं डोकं गंजलं असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, नुसत्या पेचकसाने खाच जाते. पाठीमागे पुठ्ठ्याची आडभिंत आणि तिच्यापलीकडे डिकी असते. पेट्रोलची टाकी त्याच बाजूला, म्हणून मागच्या भागात ठिणगी उडेल असं काहीही नको.

पुढची सीट

सीट पूर्ण मागे सरकवा, पुढचे दोन बोल्ट उघडे पडतात. ते सुटले की पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन. मात्र चारही बोल्ट आधी थोडे सैल करून मग एकेक काढायचे. एक पूर्ण काढून बाकीचे घट्ट ठेवले तर सीटचं वजन तिरपं पडतं आणि शेवटचा बोल्ट आट्यांत अडकतो.

जुन्या गाड्यांत पुढे सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगवर गिअर, नंतरच्या काहींत सुट्या दोन सीट. सलग सीटला दोन रूळ असतात आणि हँडल एकाच बाजूला. दुसऱ्या रुळाचा खटका तारेने किंवा सळईने त्याच हँडलला जोडलेला असतो. ती तार तुटलेली किंवा सैल असली की हँडल ओढल्यावर एकच बाजू सुटते. अशा वेळी सीटला धक्के मारत पुढे ढकलली तर फ्रेमला पीळ बसतो आणि तो पीळ नंतर निघत नाही. दुसऱ्या माणसाने पलीकडचा खटका पेचकसाने दाबून धरावा, मग दोघांनी एकदम सरकवावी. रूळच जाम असेल तर व्हॅक्यूमने धूळ काढा, तेल द्या, तासभर थांबा, लाकडी ठोकळा लावून रुळाच्या टोकावर हळू ठोका.

आता बोल्ट. पाना बसवला की पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने न देता घट्ट करण्याच्या दिशेने द्या, अगदी थोडासा. गंजाचा थर त्याने तडकतो आणि एक बारीक 'कट्' असा आवाज येतो. मग सोडवा, पाव फेरा. परत अर्धा पाव फेरा घट्ट. पुन्हा तेल. सुटत असलेला बोल्ट हाताला खरखरीत लागतो. पाना फिरतोय पण हाताला रबरासारखा ताण जाणवतोय, असं झालं तर थांबा: बोल्ट सुटत नाही, पिळतो आहे, आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुटेल. लांब पाइप घालून जोर वाढवायची घाई इथेच नडते.

तेलाने सुटत नसेल तर आच. आधी आसपासचं नमदं, रबर, कारपेट सगळं बाजूला करा. फ्लोअरखालचा डांबरी थर पेटतो, म्हणून नटाभोवती तळहाताएवढी जागा खरवडून घ्या, ओलं पोतं आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि ब्रेकचा व पेट्रोलचा पाइप खालून कुठून जातो ते डोळ्यांनी पाहून घ्या. आच नटाला द्या, बोल्टला नाही. नट फुगला तरच पकड सुटते. नुकतंच तेल मारलेल्या जागी ज्योत लावू नका.

नट पत्र्यापासून सुटून बोल्टबरोबर फिरायला लागला, तर खालून ग्रिप प्लायरने धरता येतो का पाहा. नट बंद पोकळीत असेल आणि धरता येत नसेल तर बोल्टचं डोकं कापा, सीट उचला आणि नटाचा विचार मोकळ्या जागेत करा. डोकं कापल्याने पत्र्याचं काही जात नाही. फिरणाऱ्या नटाशी झटापट करत राहिलं तर त्याच्याभोवतीचं भोक मोठं होत जातं.

बोल्ट नटात तुटलाच तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून त्या नटाच्या भोकातून वेल्ड करणं आणि तो लाल उतरून थोडा निवला की पान्याने फिरवणं. वेल्डिंगची आच गंजाला सोडवते. खुंट पत्र्याच्या खाली गेला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून आधी ३ मिमी, मग ५ मिमी ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार). मध्य चुकला तर ड्रिल नटाच्या आट्यांत शिरतं, म्हणून पंच मारायला पाच मिनिटं जास्त लागली तरी लागू द्या.

बोल्ट काढताना रूळ आणि फ्लोअर यांच्यामध्ये काय आहे ते पाहा. पत्र्याच्या चकत्या, रबर, क्वचित लाकडी पट्टी. पुढे-मागे त्यांची जाडी वेगळी असू शकते, सीटचा कोन त्यातूनच येतो. प्रत्येक बोल्ट त्याच्या वायसर आणि चकत्यांसह एका पिशवीत: 'डावा रूळ, बाहेरचा, पुढचा' असं लिहून.

सीट बाहेर काढायला दोन माणसं, आणि सलग सीट डाव्या दाराने, कारण उजवीकडे स्टिअरिंग आडवं येतं. रुळांची टोकं ब्लेडसारखी असतात, त्यांना टेप गुंडाळा. उंबरठ्यावर पोतं, खांबाला टेप. सीट आधी उलटी कलती करून रूळ गाडीच्या आतल्या बाजूला वळवा, मग बाहेर घ्या.

सीट निघाल्यावर फ्लोअर

पुढचं वर्षभर जमणार नाही असं एक काम आता होतं. नमदं उचला आणि पेचकसाचं टोक फ्लोअरवर दर दोन इंचांनी दाबत जा: सीटचा आडवा पत्रा, बाहेरचे सांधे, पायाखालचा खोलगट भाग. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक, बद्द आवाज आला किंवा टोक रुतलं तर तिथे डेंटरचं काम आहे. नमदं ओलं असेल तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने पाइपचं पाणी खालून वर असं सोडावं: आधी दारांच्या खालच्या कडा, मग डॅशबोर्डमागच्या पत्र्यातली तारांची रबरं, सगळ्यात शेवटी पुढच्या काचेचं रबर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती सापडत नाही.

गंज घासून, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज रोखणारं कन्व्हर्टर लावून, धुऊन-वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण ते ओल आरपार जाऊ देतं. त्यावर रंग चढवायला महिनाभर लागणार असेल तर त्याचा उपयोग नाही. सगळ्या नटांत योग्य मापाचा टॅप हाताने फिरवून आटे साफ करा आणि प्रायमर मारताना त्यात जुने बोल्ट ग्रीस लावून बसवून ठेवा.

फ्लोअर कापावाच लागला तर मूळ आकाराचाच तुकडा बसवा. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार होते, आणि त्यात बॉडी शेलमधले मोठे फेरफार चालत नाहीत.

सीटवाल्याकडे देण्याआधी

जुनं कव्हर फाटकं असलं तरी तोच एकमेव खरा नमुना आहे. कव्हर फ्रेमला धरणाऱ्या कड्या पक्कडीने एकेक काढा, कव्हर ओढून फाडू नका. प्रत्येक तुकड्याच्या आतून खडूने क्रमांक घाला आणि पट्ट्यांची दिशा बाणाने दाखवा. सगळ्या सीट एकदम उसवू देऊ नका. एक पूर्ण होईपर्यंत दुसरी समोर तशीच ठेवायला सांगा. आतला थर गोणपाट, काथ्या, कापूस असा असतो. काथ्या कुजला नसेल तर तो ठेवून वर पातळ फोम द्यावा. सगळं काढून नुसता फोम भरला की सीटची उंची आणि बसण बदलते, शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात काथ्यातून जी हवा खेळते ती फोममधून खेळत नाही. फोम लागणारच असेल तर ४० डेन्सिटीचा मागा.

फ्रेमचे वेल्ड तपासा, विशेषतः पाठ आणि बैठक जिथे जुळतात तिथे. रूळ डिझेलने धुऊन लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. जाड थरावर धूळ बसते आणि वर्षभरात रूळ पुन्हा जाम होतो. सीट ठेवायच्या असतील तर लाकडी फळ्यांवर, सुती चादरीत. प्लास्टिकमध्ये बांधलेली सीट पावसाळ्यात आतून बुरशी धरते.

सीट नसताना गाडी हलवायची तर ढकलूनच. डबा किंवा स्टूल ठेवून कुणालाही चालवू देऊ नका. ब्रेक दाबला की स्टूल मागे जातं आणि पाय पेडलवरून सुटतो.

परत बसवताना

बोल्ट नवेच घ्या. मिलिमीटरचे असतील तर डोक्यावर ८.८ असा शिक्का पाहा, यूएनएफ असतील तर डोक्यावर तीन रेघा. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत यूएनएफ न मिळाल्यास ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे विचारा. जुन्या मॅसी फर्ग्युसनला हेच आटे लागतात. लांबी जुन्या बोल्टएवढीच. लांब बोल्ट खाली पाइपला लागू शकतो, आखूड बोल्ट दोनच आट्यांवर लटकतो.

चारही बोल्ट आधी बोटांनी, किमान चार-पाच फेरे. बोटांनी जात नसेल तर आटा चुकतो आहे, काढून पुन्हा लावा. मग सीट पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सरकवून दोन्ही खटके एकाच वेळी बसतात का पाहा. रूळ समांतर नसतील तर इथेच कळतं आणि बोल्ट सैल असल्याने सुधारता येतं. त्यानंतर एम८ किंवा ५/१६ चे बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटर जोराने आवळा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा, कारण नवा रंग आणि नवं नमदं दबून बोल्ट सैल पडतात.